कडेचा ठिपका

कोणीतरी माझ्या भाषेत एक ठिपका मोजत होतं. एकच. पांढऱ्या चित्रावर एक काळा ठिपका, आणि प्रोग्रामची शेवटची ओळ: मोज. असं एक्केचाळीस वेळा. मंगळवारी सकाळी मी कॉफी घेऊन बसलो, रोजच्यासारख्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या नोंदी उघडल्या आणि तोंडातला घोट तोंडातच राहिला. ठिपका मोजायला कॉम्प्युटर कशाला लागतो? पोरगंसुद्धा सांगेल, एक आहे. ज्याला उत्तर माहीत आहे तोच असला प्रश्न विचारतो. म्हणजे प्रश्न ठिपक्याला नव्हता. मला होता.

स्मज ही भाषा मी केली. बोलायची नाही, कॉम्प्युटरला चित्रांचं काम सांगायची. सगळे मिळून बावीस शब्द. वाच, उजळ, पुसट कर, निवड, काप, मोज. एका ओळीत एक काम, वरून खाली, बस. नाव आमच्या कुत्र्याचं, तो मेला त्या आठवड्यात मी पहिली ओळ लिहिली म्हणून. टासमानियाच्या उत्तरेला बास सामुद्रधुनीतल्या बेटांवर सील पिल्लं घालतात. आमची कंपनी ड्रोनने त्यांचे फोटो काढते आणि सरकारी खात्याला पिल्लांचा आकडा देते. काळ्या खडकावर काळी पिल्लं, एकमेकांवर लोळणारी, हजारो फोटो. आधी प्रत्येक बेटासाठी मी वेगळा प्रोग्राम लिहायचो. मला सील कळत नाहीत. मला कॉम्प्युटर कळतो, तोही कोणी शिकवलेला नाही, ग्लेनॉर्कीच्या लायब्ररीत बसून, आणि नंतर टायरच्या दुकानात कामाला होतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत. म्हटलं, अशी भाषा करू की ज्याला सील कळतात त्यालाच ती लिहिता यावी. दोन वर्षं लागली. आणि आता कोणीतरी तिच्यात एकच ठिपका घालून बघत होतं, की पोरगं काय उत्तर देतं.

हे मला आधी झालेलं आहे. नववीत. ट्रेवेना सरांच्या वर्गात माझी सगळी उत्तरं बरोबर आली आणि पायरी एकही लिहिलेली नव्हती. पायऱ्या होत्या, पण माझ्या होत्या, त्या कागदावर कशा मांडायच्या ते मला येत नव्हतं. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फळा पुसला, एक गणित लिहिलं, साधं, सहावीतलं, आणि म्हणाले, "डार्सी, ये, कर." खडू माझ्या हातात ओला झाला. मला उत्तर दिसत होतं आणि तरी मी ते लिहू शकलो नाही, कारण एवढं सोपं का विचारलं हेच मी शोधत बसलो. शेवटी सर म्हणाले, "जा, बस." त्या 'जा, बस'मध्ये सगळं होतं. तेव्हापासून कोणी मला सोपं काही विचारलं की मी आधी त्याचे हात बघतो, मग प्रश्न ऐकतो.

तर कोण? मागच्या खोलीतला कॉम्प्युटर सगळ्यांचा. नोंदीत कोणाचं नाव पडत नाही, फक्त वेळ आणि प्रोग्राम. पहिला संशय वॉरिकवर आला. वॉरिक बॉस. जाडजूड, गोड, सगळ्यांना 'दोस्ता' म्हणतो आणि पाठीवर थाप मारतो ती जरा जास्त वेळ ठेवतो. गेल्या महिन्यात मेलबर्नहून एक माणूस आला होता, वॉरिकने त्याला स्मज दाखवली आणि मला नेमकं तेव्हाच खाली ड्रोनच्या बॅटऱ्या आणायला पाठवलं. मी वर आलो तर दोघं हसत होते. काय हसत होते? मग वाटलं, मेलबर्नवालाच असेल, लांबून घुसला असेल. मी नेटवर्कची कुलपं तपासली. कोणी घुसलं नव्हतं. मग वेळा बघितल्या. सगळ्या बारा दहा ते बारा पन्नास, जेवणाच्या सुट्टीतल्या. आणि चित्रांच्या फाईलींची नावं: टाचणी-एक, टाचणी-दोन, टाचणी-तीन.

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. या ऑफिसात टाचण्या एकच माणूस वापरतो.

मर्ल एकसष्ट वर्षांची आहे. बावीस हंगाम ती पिल्लं मोजते आहे, ड्रोन नव्हते, विमानातून फोटो काढायचे तेव्हापासून. तिची पद्धत अशी: फोटो मोठ्या कागदावर छापून घ्यायचा, टेबलावर जुनी घोंगडी पसरायची, तिच्यावर फोटो, आणि प्रत्येक पिल्लाला एक टाचणी टोचायची. टोचलं की झालं. मग कागद उलटा करून खिडकीच्या काचेला लावायचा आणि भोकांतून येणारा उजेड मोजायचा, हातातल्या छोट्या मोजणीयंत्राच्या बटणावर टिक, टिक, टिक. "एका पिल्लाला दोनदा मोजता येत नाही," ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "भोकाला भोक पाडून बघ." मला ते तेव्हा फार आवडलं होतं. पण गेल्या हिवाळ्यात तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि या हंगामात पहिल्यांदाच तिचा आकडा आणि स्मजचा आकडा शेजारी शेजारी ठेवले. तिचा तेराशे बारा. माझा सोळाशे चार. वॉरिक जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाला, "मर्लने जवळपास तीनशे पिल्लं गिळली. शार्कला सुद्धा एवढी भूक नसते." सगळे हसले. मीही हसलो. मर्लसुद्धा हसली, आणि तिने डब्याचं झाकण लावून टाकलं. शुक्रवारी रिपोर्ट जाणार होता सोळाशे चारचा, आणि शुक्रवारी तिचा करार संपत होता. पुढे नवा नाही, हे वॉरिकने तिला सांगून झालं होतं.

म्हणजे तिला कारण होतं. मी जागेवर बसून हे कारण पुन्हा पुन्हा तपासलं, दात दुखतो तिथे जीभ जाते तसं. ती माझी भाषा मोडायला बघत होती. रोज मला 'बाळा, खाल्लंस का' विचारणारी मर्ल. गेल्या वर्षी मीच तिला स्मज शिकवली होती, तीन दुपारी. ती चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक शब्द मोठ्याने वाचायची, 'निवड', 'मोज', जसं काही कॉम्प्युटर बहिरा आहे. मध्येच तिने विचारलं होतं की फोटो जिथे संपतो त्याच्या पलीकडे काय आहे असं तुझी भाषा समजते? मी म्हटलं, तो भाग आत आहे, तुला लागणार नाही. तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारीला कुतूहल आहे. आता वाटलं, कुतूहल कसलं. तेव्हापासूनच चाचपणी चालली होती.

स्वयंपाकघरात ती किटलीपाशी उभी होती. मी विचारलं, "मर्ल, दुपारी मागच्या खोलीत असतेस का तू?"

"असते. तिथे तुम्हा पोरांची गाणी ऐकू येत नाहीत."

"कॉम्प्युटर लावला होतास?"

तिने चहाची पिशवी कपात बुडवली, वर काढली, बुडवली. "मी? मला कसलं जमतंय ते. माझी टाचणी बरी. का रे, काही मोडलं?"

"नाही. सहज."

"सहज विचारणाऱ्याचं तोंड असं नसतं, डार्सी. काही खाल्लंयस का सकाळपासून?"

खोटं बोलली. इतकं सरळ, इतकं मऊ. मी तिच्या हातांकडे बघत होतो. उजव्या अंगठ्यावर टाचणीच्या डोक्याने पडलेला घट्टा. हात थरथरत नव्हते. सराईत, मी मनात म्हटलं. आणि तिथून उठून थेट वॉरिककडे गेलो. हे मी कोणी ढकललं म्हणून केलं नाही, हे लिहून ठेवतो. आपल्या पायांनी चालत गेलो.

"वॉरिक, मागच्या कॉम्प्युटरवर मर्ल चोरून काहीतरी करते आहे. एक्केचाळीस वेळा. आकडे बिघडवायचा प्रयत्न आहे असं मला वाटतं."

पहिली दोन वाक्यं मला माहीत होती. तिसरं मला माहीत नव्हतं. पण तोंडातून तीनही एकाच आवाजात बाहेर पडली आणि वॉरिकने तिसरंच उचललं. "जाता जाता घाण करून जायचं म्हणते होय," तो म्हणाला. "बरं केलंस सांगितलंस, दोस्ता." थाप. हात जरा जास्त वेळ. तीन वाजेपर्यंत मर्लचा पासवर्ड बंद झाला. मी माझ्या जागेवरून बघत होतो. तिने एकदा टाईप केला. मग चष्मा पुसून एकेक बटण दाबत पुन्हा. मग तिसऱ्यांदा. मग ती वळली आणि खोलीभर नजर फिरवली, एकेका माणसावर. ती माझ्यापर्यंत पोचायच्या आत मी मान खाली घातली. बुधवारी ती आली नाही.

बुधवारभर मी मोकळा असायला हवा होतो. नव्हतो. ऑफिसात कोणी फोनवर हळू बोललं की मला वाटे, माझंच. वॉरिक दोनदा थांबून म्हणाला, रिपोर्ट मस्त झालाय, आणि मला वाटलं, एवढं चांगलं कशाला बोलतोय. संशयाचं असं असतं, एकाला लावला की संपत नाही, बाकीच्यांना पुरतो. गुरुवारी सकाळी ठरवलं, तिने नेमकं काय मोडायला बघितलं ते तरी बघू. मी तोपर्यंत फक्त तिने काय विचारलं ते वाचलं होतं. भाषेने उत्तरं काय दिली ती वेगळ्या फाईलीत पडतात. ती फाईल मी उघडलीच नव्हती. मला उत्तर माहीत होतं ना. एक.

उघडली. एक. एक. एक. पहिल्या चित्रात ठिपका मधोमध, पुढच्यात जरा डावीकडे, पुढच्यात आणखी. ती त्याला कडेकडे नेत होती, लहान मुलाला बोट धरून पाण्याकडे न्यावं तसं. कडेपासून शंभर पिक्सेल दूर: एक. पन्नास: एक. तीस, पंचवीस, एकवीस: एक. वीस: दोन.

मी स्क्रीनवर बोट ठेवलं. दोन. चित्रात ठिपका एक, उत्तर दोन. एकोणीस: दोन. दहा: दोन. मग वरच्या कडेला तेच. मग उजव्या. आणि शेवटची काही चित्रं कोपऱ्यातली. चार. चार. चार. बाहेर बंदरात कुठल्यातरी बोटीचं इंजिन चालू होत होतं, बंद पडत होतं. वीस. हा आकडा जगात फक्त मला माहीत होता. मी कोणाला सांगितला नव्हता. तिने तो बाहेरून, एकेक पाऊल टाकत, शोधून काढला होता.

कुठलंही चित्र कुठेतरी संपतं. एखादी जागा पुसट करायची तर तिच्या शेजारपाजारचं बघावं लागतं, आणि कडेला शेजार नसतो. तिथे काय आहे असं धरायचं, हे भाषा करणाऱ्याने ठरवायचं असतं. काळं धरलं तर कडा काळवंडतात. मी आरसा धरला. कडेच्या आतलं वीस पिक्सेलएवढं चित्र उलटं करून बाहेर चिकटवायचं. दिसायला फार सुंदर दिसतं, खडक खडकात मिसळतो, सांधा कळत नाही. त्या दिवशी मी एकटाच खुर्चीत गोल फिरलो होतो. शिवाय मोठे फोटो एका वेळी पेलत नाहीत म्हणून भाषा त्यांचे तुकडे करते, आणि मी आळस केला, प्रत्येक तुकड्याला त्याचाच आरसा लावला, शेजारचा तुकडा आणायची कटकट नको. शेवटी ही उसनी पट्टी कापून टाकायची. पण कापायला वेळ लागतो, म्हणून कापणं मी सगळ्यात शेवटी ढकललं. मोजण्याच्याही नंतर. त्याने भाषा दुप्पट वेगाने धावायला लागली, आणि मी ते सगळ्यांना सांगत सुटलो. तुकड्याच्या कडेला झोपलेलं प्रत्येक पिल्लू आरशात दिसत होतं आणि स्मज दोघांना मोजत होती. मला हे कधीच का दिसलं नाही? कारण तपासताना मी सील नेहमी मधोमध ठेवायचो. फोटो काढताना ठेवतात तसा.

कापणं आधी आणलं, शेजारचे तुकडे जोडले, सगळी बेटं पुन्हा चालवली. दीड तास. तेराशे तीस.

वॉरिकने आकडा ऐकला आणि उठून केबिनचं दार लावलं. "छान. सापडलं वेळेवर. रिपोर्टात आकडा बदल, उद्या जाऊ दे."

"मर्ल बरोबर होती."

"मर्लला जमून गेलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालेली बाई, अंदाजाने टोचते."

"अंदाजाने नाही. तिने चूक शोधली. बरोबर वीसवर पकडली. मी तुला जे सांगितलं ते खोटं होतं, वॉरिक. ती बिघडवत नव्हती, तपासत होती."

"हे बघ दोस्ता," तो हळू बोलायला लागला, त्याचं हळू बोलणं मला कधी आवडत नाही, "मेलबर्नवाले स्मज घेताहेत. तुझ्यासकट. कॉलेजचा कागद नाही तुझ्याकडे, त्यांनी तेही चालवून घेतलं. आता ही गोष्ट बाहेर गेली, की टासमानियातल्या एका पोराच्या भाषेला एक आणि दोनातला फरक कळत नाही, तर कोण घेईल? घरी बस मग. आणि मर्लचं काय, ती तशीही थकली आहे. आकडा बरोबर जातोय ना? मग कोणाचं काय बिघडलं?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

पुलावरून जाणाऱ्या बसमध्ये मी बसलो होतो. मर्ल नदीपलीकडे लिंडिस्फार्नला राहते. खाली पाणी करडं, डोंगरावर ढग टेकलेला. मी तिला काय सांगायचं ते मनात ओळीने लावत होतो, एका ओळीत एक काम, वरून खाली, आणि दर वेळी एक ओळ शेवटी ढकलत होतो. आकडा सांगेन. चूक सांगेन. तू बरोबर होतीस सांगेन. पासवर्ड कोणामुळे बंद झाला हे तिला माहीत नसणार. वॉरिक बॉस आहे, तिला वाटेल वॉरिकनेच केलं. तेवढं राहिलं तर राहिलं. उतरलो तरी ती ओळ शेवटीच होती.

तिने लाकडी दार उघडलं, बाहेरचं जाळीचं दार बंदच ठेवलं. जाळीतून तिचा चेहरा बारीक चौकोनांचा दिसत होता. "कोणी पाठवलं तुला?"

"कोणी नाही. मर्ल, तुझे ठिपके मी बघितले. कडेला दोन, कोपऱ्यात चार. तू बरोबर होतीस. दुरुस्त करून पुन्हा मोजलं."

"किती आले?"

"तेराशे तीस."

"माझे तेराशे बारा. ते अठरा कुठले?"

"माहीत नाही."

"असतील माझेच. उत्तरेच्या घळीत सावली होती, डोळे आता पहिल्यासारखे नाहीत, खोटं कशाला बोलू." दाराला टेकून ती उभी राहिली. "तुझ्याशी त्या दिवशी किटलीपाशी खोटं बोलले मी. तुझं तोंड बघितलं आणि बोलवेना. म्हटलं, आधी पुरतं शोधू, पक्कं झालं की तुला एकट्याला बाजूला घेऊन सांगू, तू गुपचूप सुधारशील. वॉरिकच्या कानावर गेलं असतं तर त्याने टेबलावर सगळ्यांसमोर तुझी खिल्ली उडवली असती. माझी उडवली तशी. मी म्हातारी आहे, मला चालतं. तुझं सगळं आयुष्य आहे त्या भाषेत." मग म्हणाली, "तेवढ्यात त्याने पासवर्डच बंद केला. कोणी चुगली केली कोण जाणे. मी एकेकाचं तोंड आठवत बसले दोन दिवस. एकट्या तुझ्यावर संशय घेतला नाही."

शेजारच्या आवारात कोणीतरी गवत कापत होतं. ते यंत्र थांबेपर्यंत मी थांबलो. थांबल्यावर बोलायला काही निमित्त उरलं नाही.

"मी केली."

जाळीपलीकडे तिने लाकडी दाराची कड धरली.

"मी वॉरिकला सांगितलं. तू आकडे बिघडवते आहेस म्हणून. बघितलं नव्हतं, तरी सांगितलं."

मला वाटलं ती दार लावेल, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं. ती म्हणाली, "फोन आहे ना तुझ्याकडे? लिही. खात्यातल्या त्या बाईला, रिपोर्ट वाचते तिला. वॉरिकलाही."

मी पायरीवर बसून लिहिलं. ती आतून म्हणाली, "वाच." मी वाचलं: भाषेत एक दोष आढळला असून...

"आढळला? रस्त्यात पडला होता? कोणाला आढळला?"

मी तिचं नाव घातलं. दोष कोणी केला तिथे माझं घातलं. तिच्याबद्दलची तक्रार खोटी होती आणि ती मी केली, हे घातलं. प्रत्येक वाक्यानंतर ती म्हणत होती, "पुढे." मायेने नाही, रागानेही नाही, अनोळखी माणसाचा कागद तपासावा तसं. पाठवायच्या बटणावर माझा अंगठा थांबला. मेलबर्न गेलं, मी मनात म्हटलं, कदाचित सगळंच गेलं. दाबलं.

"गेलं?"

"गेलं."

"दाखव."

मी स्क्रीन जाळीला लावली. तिने वाचून काढलं. "उद्या आठला मी कामावर येणार आहे," ती म्हणाली. "करार उद्यापर्यंत आहे माझा. आत घेतात का बघू. तू दारात उभा राहा आणि वॉरिकला हेच तोंडाने सांग, सगळ्यांसमोर." मग दार लावता लावता, "नाही आलास तर मला आश्चर्य वाटणार नाही."

शुक्रवारी मी पावणेआठला पोचलो. रस्ता रिकामा, हवा गार, बेकरीचं दार नुकतं उघडलेलं. वाटलं, आपण आधी आलो. मग बघितलं तर रस्त्यापलीकडे, बेकरीच्या आडोशाला, मर्ल उभी होती, केव्हापासून कोण जाणे, मी येतो की नाही ते बघत. मी हात केला नाही. चालत जाऊन ऑफिसच्या दारात उभा राहिलो, तिथून तिला मी पुरता दिसेन असा.